सुषमाची तिसरी हाळी

सुषमा काम करत असते तेव्हा ती काम करते आहे असं कुणालाही वाटत नाही. डोळे पडद्यावर असतात, पण नजर पडद्याच्या पलीकडे कुठेतरी कुसगावच्या डोंगरावर गेलेली. हनुवटी तळहातावर. मध्येच ओठ हलतात. पहिल्या महिन्यात मी तिला दोनदा टोकलं. तिसऱ्यांदा टोकायला गेलो तर माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "सर, दवाखान्याच्या मशीनची डिस्क परवा दुपारी भरणार." ती परवा दुपारी भरली. त्यानंतर मी तिच्या तंद्रीच्या वाटेला गेलो नाही.

मी श्रीपाद, तळेगावचा. चिडका आहे, हे ऑफिसात सर्वमान्य आहे. आमचं ऑफिस स्टेशनपासून पाच मिनिटांवर, दोन खोल्यांचं. दवाखाने, शाळा, छोटे कारखाने यांची मशीन्स आम्ही सांभाळतो. मशीन म्हणजे टेबलावरची पेटी नव्हे. ती दूर कुठल्यातरी इमारतीत असतात, आम्ही ती इमारत कधी पाहिलेली नाही. तिथल्या अवाढव्य यंत्रात आपल्यासाठी एक मशीन आखून देतात, जसं मोठ्या धर्मशाळेत पडदा टाकून खोली करून देतात. त्या मशीनला सामान ठेवायला डिस्क जोडावी लागते. कमी पडली तर वाढवता येते, नको असेल तर सोडवून दुसऱ्या मशीनला जोडता येते. गंमत अशी की मशीन काढून टाकलं तरी डिस्क मागे राहते, कुणालाच न जोडलेली. आम्हाला एकंदर जागा ठरवून दिलेली असते आणि अशा बेवारशी डिस्कांनी ती अडते. त्या हुडकून काढून टाकणं हे सुषमाचं काम. एकदा काढली की गेली, परत मिळत नाही.

भाद्रपद संपता संपता अशा एकोणीस डिस्क निघाल्या. त्यांतल्या एकीवर कान्हू मुकादमाचा आवाज होता. तेव्हा आम्हा दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. वाचणाऱ्याला मी आधीच सांगून टाकतो, कारण गोष्ट रंगावी म्हणून एखाद्या माणसाचा आवाज लपवून ठेवणं मला बरं वाटत नाही.

कान्हू परंदवडीच्या बाजूला एका गुलाबाच्या पॉलीहाऊसवर मुकादम होता. सहा शेडमधल्या बायकांना एका जागी उभा राहून हाका मारायचा, असा त्याचा आवाज. मग घशाचा कॅन्सर निघाला आणि स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशनच्या आधी लोणावळ्यात वाचा-उपचाराचं केंद्र चालवणाऱ्या अरुंधतीबाईंनी त्याच्याकडून तीनशे वाक्यं बोलून घेतली होती. कान्हूला वाचन बेताचंच, म्हणून बाई वाक्य सांगायच्या आणि तो मागून म्हणायचा. अशा वाक्यांवरून फोनला त्या माणसाच्या आवाजात बोलायला शिकवता येतं. पण ते व्हायच्या आत बाईंना मुलीच्या आजारपणासाठी परदेशी जावं लागलं. केंद्र बंद झालं, मशीन काढलं गेलं, डिस्क राहिली. बाकीचे पेशंट आपापली रेकॉर्डिंग घेऊन गेले होते. कान्हू तेव्हा पुण्यात हॉस्पिटलात पडून होता. पुढे पुण्याच्याच एका केंद्राने त्याला सांगितलं, रेकॉर्डिंग आणा, फोन बोलता करून देतो. त्याची बायको सावित्राबाई लोणावळ्याला जाऊन आली, तर केंद्राच्या जागी चिक्कीचं दुकान लागलेलं.

जाता जाता बाईंनी एक गोष्ट केली होती. डिस्कच्या माहितीत शेऱ्याचा रकाना असतो, त्यात त्यांनी एक मोबाइल नंबर लिहून ठेवला. नाव नाही, गाव नाही. नंबर कान्हूचा. ज्याची वस्तू त्याचा नंबर, एवढाच विचार त्यांनी केला असावा. ज्याच्याकडे फोन जाणार तो बोलणार कसा, हे निघायच्या गडबडीत त्यांच्या डोक्यात आलं नाही.

आता सुषमाची पद्धत सांगायला हवी. ती कुसगावच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या खांद्यावरच्या बारा घरांच्या वाडीतली. वडील लवकर गेले. आई चिमाबाई हॉटेलांना करवंदं, जांभळं, रानभाजी पुरवायची, आणि टोपली उतरवायला आईबरोबर जाता जाता ही पोरगी एका हॉटेलच्या काउंटरवर कामाला लागली. तिथला कॉम्प्युटर सारखा भरायचा. साहेब ओरडायचे, हिने तो नीट करायला शिकून घेतला. मग लोणावळ्यात डिप्लोमा, मग आमचं ऑफिस. मुलाखतीत मी विचारलं, काय येतं? म्हणाली, "जागा करता येते." मला उत्तर उद्धट वाटलं होतं.

तिच्या वाडीतली निम्मी घरं दिवाळीनंतर कामाला खाली उतरतात. दाराला कुलूप नसतं, एक काटकी आडवी लावलेली असते. कुणाचं काही बेवारशी दिसलं, चुकलेली शेळी, विसरलेला कोयता, काहीही, तर हात लावायच्या आधी तीन दिवस त्याच वेळेला दरीकडे तोंड करून हाळी द्यायची, 'कुणाचं हाय ओऽऽ?' तिसऱ्या हाळीलाही ओ आली नाही तर वस्तू मोकळी. घर असेल तर उंबऱ्याबाहेरूनच हाळी द्यायची, आत डोकवायचं नाही. सुषमाने हा कायदा जसाच्या तसा डिस्कांना लावला. डिस्क बेवारशी निघाली की तीन दिवस, सकाळी अकराला, ऑफिसच्या लँडलाइनवरून फोन. मेल तिला पटत नाही. म्हणते, "मेल म्हणजे दारात चिठ्ठी टाकून पळणं."

"अगं, उघडून बघ ना आत काय आहे ते," मी एकदा वैतागून म्हणालो होतो. "मशीनला जोडायची, दोन मिनिटांत कळतं कुणाची आहे."

"दुसऱ्याच्या घरात, तो नसताना?" तिने इतक्या खऱ्या आश्चर्याने विचारलं की मीच ओशाळलो.

मी पुष्कळ टिंगल केली, पण एक कबूल करायला पाहिजे. ती आल्यापासून 'आमचं सामान कुठे गेलं' म्हणून एकही गिऱ्हाईक भांडायला आलेलं नाही.

तर त्या एकोणीसपैकी अठरा डिस्कांना ओ आली. काढा, ठेवा, बघून सांगतो, असं काहीबाही उत्तर मिळालं. एक राहिली, लोणावळ्याच्या अरुंधती मॅडमच्या खात्यावरची, आणि मॅडमचा स्वतःचा फोन बंद. मंगळवारी अकराला तिने शेऱ्यातला नंबर लावला. फोन उचलला गेला. कुणी बोललं नाही. सुषमाने नाव सांगितलं, काम सांगितलं, ही डिस्क तुमची का, ठेवू की काढू, असं विचारलं, आणि मग रिसीव्हर कानाला लावून डोळे मिटून बसली. बाहेर धुकं खिडकीला टेकलं होतं. ट्यूबलाइट लावूनही खोली दुधाळ दिसत होती. मला वाटलं, ही झोपली.

"कुठलं घर असेल हो सर?" तिने हलक्या आवाजात विचारलं. "पाणी ठिबकतंय."

"नळ गळत असेल कुणाचा."

"नाही. लय ठिकाणी ठिबकतंय. सारखं. आणि काहीतरी मोठं फडफडतंय, सावकाश."

बुधवारी तेच. फोन उचलला, ठिबक, फडफड, आणि या वेळी तिला श्वास ऐकू आला, शिट्टीसारखा बारीक. मी म्हणालो, कुणीतरी टवाळ आहे, सोड. खरं तर मी घाईत होतो. एका शाळेचं नवं मशीन शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उभं करायचं होतं आणि त्यासाठी जागा थोडी कमी पडत होती. नेमकी त्या एका डिस्कएवढी.

गुरुवारची हाळी तिसरी. मी मुद्दाम तिच्या टेबलाजवळ उभा राहिलो. तिने सगळं पुन्हा सांगितलं, अगदी सावकाश. पलीकडे कुणीतरी फोन घट्ट धरला असावा, नुसती खरखर आली. मग फोन कट झाला.

"झाल्या तुझ्या तीन हाळ्या," मी म्हणालो.

"ओ आली नाही," ती म्हणाली, आणि त्या डिस्कचं नाव शुक्रवारी काढायच्या यादीत टाकलं. मला हायसं वाटलं. आज हे लिहिताना स्वतःचा राग येतो, पण तेव्हा हायसंच वाटलं होतं.

त्या दिवशी ती घरी गेली ती तशीच हरवलेली. पुढचं तिनेच मला सांगितलं. लोणावळ्याला उतरून, कुसगावातून वर चढताना तिच्या कानात ती ठिबक चालूच होती. उतारावर सोनकी पिवळीधमक फुटलेली, आणि धुक्यात पायवाट दहा पावलांपलीकडे दिसत नव्हती. आपण फोनच्या आत चालतोय असं वाटत होतं, म्हणाली. चिमाबाई ओट्यावर बसून भोपळ्याच्या बिया निवडत होती. लेकीचा चेहरा बघून तिने विचारलं, आणि सुषमाने सांगितलं.

"उचलतो आन बोलत न्हाई?" चिमाबाई म्हणाली. "मंग हाय की कुनीतरी तितं."

"पण ओ आली नाही ना आय."

"आपला जानू मुका व्हता, आटवतो का? तू ल्हान व्हतीस. ढोरं घेऊन समोरच्या धारंला असायचा. हाळी दिली की डोईचं फडकं सोडून हालवायचा. त्याची ओ आमी डोळ्यानं घ्यायचो."

"फोनात डोळं कुटं असत्यात?"

"मंग त्यालाच इचार की, तुज्यापाशी काय हाय म्हून."

सुषमा तिथेच ओट्यावर बसून राहिली. तीन दिवस आपण त्या माणसाला बोल, बोल म्हणत होतो, आणि तो तीन दिवस फोन उचलत होता. टवाळ माणूस तीनदा उचलत नाही. तिला भीती वाटली, आणि लाजही. हे तिचेच शब्द.

शुक्रवारी सकाळी लोणावळ्याच्या प्लॅटफॉर्मवर, गाडी यायला वेळ होता, तिने स्वतःच्या मोबाइलवरून नंबर लावला. धुक्यात सिग्नलचा दिवा नुसता तांबूस डाग होऊन लटकला होता. फोन उचलला गेला.

"भाऊ, नाहीतर मावशी, कोण असाल ते. बोलू नका," ती म्हणाली. "बोलायला सांगितलं ही माझी चूक. फोनवर टिचकी मारा. व्हय असेल तर दोन, न्हाई असेल तर एक. हाय का कुणी?"

 मग दोन टिचक्या.

ती बाकावर बसली. गाडी आली, लोक चढले, ती बसूनच राहिली.

"अरुंधती मॅडम ठावं हाईत?" दोन टिचक्या. "तुमचं कायतरी त्यांच्याकडं ऱ्हायलंय?" दोन. "कागद?" एक. "फोटो?" एक.  काय राहू शकतं माणसाचं? मग तिला तो श्वास आठवला, बारीक शिट्टीचा, आणि माणूस का बोलत नाही ते एकदम उमगलं. "भाऊ," तिने विचारलं, "आवाज?"

मग टिचक्या थांबेनात. दोन नाही, चार नाही, तो वाजवतच राहिला. सुषमा प्लॅटफॉर्मवर बसून रडली. एका बाईने येऊन पाणी दिलं.

ती ऑफिसात पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि मी यादी उघडून बसलो होतो. "सर, ती काढू नका," दारातूनच म्हणाली. सगळं ऐकून घेतल्यावरही मी पहिलं वाक्य काय म्हणालो, तर, "मग शाळेला जागा कुठून द्यायची?" माणूस असाही असतो. सुषमा चिडली नाही. तिने खुर्ची ओढली आणि माझ्याच मशीनची माहिती पडद्यावर आणली.

"तुमची डिस्क पाचशे जीबीची आहे, सर. आत सामान चाळीस."

"ती कमी करता येत नाही. डिस्क वाढते, लहान होत नाही," मी ज्ञान पाजळलं.

"ठावं आहे. नवी साठाची करायची, सामान त्यात हलवायचं, जुनी काढायची. तुमची परवानगी असेल तर. उंबऱ्याबाहेरून विचारतेय."

आत चाळीस होतं, त्यातले तीस माझ्या पुतण्याच्या लग्नाचे फोटो. ऑफिसच्या मशीनवर. मी मुकाट्याने परवानगी दिली. दुपारपर्यंत सामान हललं, शाळेला जागा मिळाली. अरुंधतीबाईंच्या डिस्कला सुषमाने कुलूप घातलं, म्हणजे चुकूनसुद्धा कुणाला काढता येऊ नये. कुणाला म्हणजे कुणाला, ते मला कळलं.

त्या संध्याकाळी तिने पुन्हा टिचक्यांनी पत्ता काढला. एकेक गावाचं नाव घेत गेली तेव्हा कुठे परंदवडी हाती लागलं. शनिवारी मीही तिच्याबरोबर निघालो. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण घरी बसवत नव्हतं. बेगडेवाडीला उतरलो, रिक्षा केली. धुकं शेतांवरून उठायला तयार नव्हतं, भाताच्या ओंब्या त्यात बुडालेल्या, आणि वाटेत पॉलीहाऊसच्या शेड लागल्या, मोठ्या, पांढऱ्या, अर्ध्या पुसलेल्या. रिक्षा हळू झाली तेव्हा आतून ठिबक ऐकू आली. वरचा प्लॅस्टिकचा कागद वाऱ्याने सावकाश वर उचलून खाली टेकत होता. सुषमाने माझ्याकडे पाहिलं. आवाज गेल्यावरही मुकादम रोज सकाळी शेडमध्ये येऊन बसतो, असं रिक्षावाल्याकडून कळलं. काम काही नाही. नुसता बसतो.

कान्हूचं घर शेडच्या मागेच. तो ओट्यावर उभाच होता. गळ्याला पांढरा रुमाल, अंगात इस्त्रीचा सदरा. सावित्राबाईने दारातच आम्हाला अडवलं. माझी बॅग बघून ती म्हणाली, "इमा असंल तर आमाला न्हाई घ्यायचा. ह्येंच्या दुखन्यात लय आले तुमच्यावानी." कान्हू तिला हातवारे करून सांगू लागला. गळ्याकडे बोट, फोनकडे बोट, माझ्या बॅगेकडे बोट. ती म्हणाली, "व्हय व्हय, बसू द्या मानसं, च्या ठिवते," आणि मागच्या दारी भांडी घासायला निघून गेली. रोज असे शंभर हातवारे, तिने तरी किती उकलायचे?

आम्ही ओट्यावर बसलो. सुषमाने लॅपटॉप उघडला, एका लहानशा मशीनला ती डिस्क जोडली. मग हात मांडीवर ठेवून कान्हूकडे वळली.

"भाऊ, आता आत जायाचं. जाऊ?"

त्याने ओट्याच्या फरशीवर दोन टिचक्या मारल्या.  

आत एकच फोल्डर होता आणि त्यात आकडे घातलेल्या तीनशे ध्वनिफिती. एक ते तीनशे, एकही गहाळ नाही. कुठली लावू, असं सुषमाने विचारलं. कान्हूने पडद्यावर कुठेतरी बोट टेकवलं. एकशे अठरा. आधी शांतता, मग अरुंधतीबाईंचा दूरचा आवाज, 'हं, म्हणा'. आणि मग त्या ओट्यावर, सहा शेडना पुरून उरणारा, भरदार, खडीच्या रस्त्यावरून बैलगाडी जावी तसा एक आवाज उमटला:

"आज मंगळवार हाय. माजं जेवान झालं."

मागच्या दारातून ताबडतोब उत्तर आलं. भांडं घासायचा हात न थांबता, वैतागून, तीस वर्षांच्या सवयीने.

"मंगळवार कुटला? शनवार हाय! आन जेवला कवा तुमी, भाकरी अजून थापायची—"

भांड्याचा आवाज थांबला. काहीतरी खाली पडून घरंगळत गेलं. आम्ही तिघंही दाराकडे बघत राहिलो.

सावित्राबाई दारात आली. हाताला राख, पदर खोचलेला. तिने लॅपटॉपकडे पाहिलंच नाही. ती नवऱ्याकडे बघत होती. कान्हू रुमाल तोंडावर धरून हसत होता. त्याला आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली, राखेच्याच हाताने त्याचा गुडघा धरला.

"आजून म्हना," ती म्हणाली. "चुकीचं म्हना, पन म्हना."